अख्ख्या संकेतस्थळाची झडती

२००८ साली ऑपेरा ही ब्राउझर बनवणारी कंपनी एका वेगळ्याच मोजणीत गुंतली होती. ब्रायन विल्सन यांच्या या प्रकल्पाचं लघुनाव होतं ‘मामा’. मामाने जगभरातली ३५ लाखांहून अधिक वेबपानं उघडली आणि त्यांचं एचटीएमएल व्याकरणाच्या नियमांवर ताडून पाहिलं. कसोटीला उतरली फक्त ४.१३ टक्के पानं. शंभरातल्या सुमारे शहाण्णव पानांत काही ना काही चुकलेलं होतं, आणि तरीही ती सगळी पानं लोक रोज बिनतक्रार वाचत होते.

त्याहून बोलका आकडा पुढचा आहे. ‘या पानाचं एचटीएमएल शुद्ध आहे’ असं सांगणारं डब्ल्यूथ्रीसी या मानकसंस्थेचं छोटं चिन्ह पानाच्या तळाशी लावण्याची तेव्हा पद्धत होती. अशी चिन्हं मिरवणाऱ्या पानांतलीही जवळपास निम्मी पानं नापास झाली. चिन्हं लावणारे सगळे खोटारडे होते, असं मानायचं कारण नाही. पान तपासलं, पास झालं, चिन्ह लागलं. मग कुणी जाहिरातीचा तुकडा घातला, कुणी वर्डमधून मजकूर आणून चिकटवला, कुणी पानाचा माथा बदलला. पान बदलत गेलं, चिन्ह जागच्या जागी राहिलं.

एक पान एकदा तपासायला काही सेकंद लागतात. सगळी पानं, आणि तीही बदलत असताना, तपासत राहणं हे मात्र निराळं काम आहे. त्यात चुका किती, या प्रश्नाला फारसं महत्त्व नाही. चुका कुठे जन्मतात, हा खरा प्रश्न.

व्याकरण म्हणजे नेमकं काय

टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना १९८९मध्ये मांडली आणि १९९१मध्ये एचटीएमएलच्या खुणांची पहिली यादी जाहीर केली. त्या यादीत जेमतेम वीसेक खुणा होत्या. या खुणांना आपण टॅग म्हणतो. इथे परिच्छेद सुरू, इथे मथळा, इथे दुवा, असं टॅग ब्राउझरला सांगतात. खुणा करण्याची ही रीत बर्नर्स-ली यांनी एसजीएमएल या आधीच्या पद्धतीकडून घेतली. १९८६मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलेली ती पद्धत मोठमोठ्या दस्तऐवजांसाठी होती आणि नियमांच्या बाबतीत काटेकोर होती.

नियम मुख्यतः तीन जातींचे. पहिला नियम घरट्याचा. मोठ्या डब्यात छोटा डबा ठेवला, तर आधी छोट्याचं झाकण लागतं आणि मग मोठ्याचं. टॅगही तसेच आतून बाहेर बंद व्हायला हवेत. दुसरा नियम कुणाच्या पोटात कोण राहू शकतो याचा. परिच्छेदाच्या ‘पी’ टॅगमध्ये ‘डिव्ह’ हा मोठा खंड बसत नाही. तसा घातला तर ब्राउझर परिच्छेद तिथेच संपला असं समजतो, आणि खाली उरलेला परिच्छेद-समाप्तीचा टॅग एक रिकामा परिच्छेद जन्माला घालतो. पानावर कुठून आली कळत नाही अशी मोकळी जागा दिसते, तिचं मूळ बहुधा इथे सापडतं. तिसरा नियम टॅगला जोडलेल्या गुणांचा: चित्राला पर्यायी मजकूर हवा, आयडी, म्हणजे घटकाचं ओळखनाव, एका पानावर एकदाच यावं, आणि अवतरणचिन्ह उघडलं तर ते बंदही व्हावं. अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं, तर पुढचं चिन्ह सापडेपर्यंतचा सगळा मजकूर त्या गुणाची किंमत समजला जातो आणि पानावरून नाहीसा होतो.

हे व्याकरण वाटतं तितकं कडक मात्र नाही. पानाचा प्रकार सांगणारी डॉक्टाइपची ओळ आणि शीर्षक लिहून थेट परिच्छेद सुरू केला, एचटीएमएल, हेड आणि बॉडी हे टॅग लिहिलेच नाहीत, तरी ते पान शुद्ध ठरतं. हे टॅग ऐच्छिक आहेत. ब्राउझर ते गृहीत धरतो. त्यामुळे नुसत्या नजरेने बघून पानाची शुद्धाशुद्धता ठरवता येत नाही. त्यासाठी यंत्र लागतं.

सगळं माफ करणारा ब्राउझर

इतक्या चुका इतकी वर्षं टिकल्या, कारण ब्राउझर त्यांची वाच्यताच करत नाही. इंटरनेटच्या जडणघडणीतले एक शिल्पकार जॉन पोस्टेल यांनी १९८०मध्ये टीसीपी या संदेशवहनाच्या नियमांत एक तत्त्व नोंदवलं होतं: पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना उदार व्हा. ब्राउझरांनी यातलं उदारपण पूर्णपणे उचललं. शाळकरी मुलानं घाईत लिहिलेलं पानही ते दाखवू लागले. त्यामुळेच वेब झपाट्यानं वाढलं. पण लिहिणाऱ्याला आपण चुकलो हे कळण्याचा सर्वांत सोपा रस्ताही त्यामुळेच बंद झाला.

मधल्या काळात याच्या उलट प्रयोगही झाला. १९९८मध्ये एक्सएमएल ही कडक नियमांची खुणा-पद्धत आली आणि २०००मध्ये त्या धर्तीवरचं एक्सएचटीएमएल. त्याचा दंडक सरळ होता: एक चूक सापडली की वाचन तिथेच थांबवायचं. अशा कडक रीतीने पाठवलेल्या पानात एखादा टॅग बंद करायचा राहिला, तर फायरफॉक्समध्ये पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांत त्रुटीचा संदेश झळकायचा आणि मजकूर दिसायचा नाही. एका वाचकाच्या प्रतिक्रियेतल्या एका चुकीच्या चिन्हामुळे अख्खं पान आडवं व्हावं, हे कुणालाच परवडणारं नव्हतं. शिवाय इंटरनेट एक्सप्लोररला त्याच्या आठव्या आवृत्तीपर्यंत अशी पानं या रीतीने दाखवताच येत नव्हती. मग बहुतेकांनी एक्सएचटीएमएल लिहिलं, पण ते साध्या एचटीएमएलच्या नावानेच पाठवलं. कडकपणा कागदावर राहिला.

तोडगा तिसऱ्याच बाजूने निघाला. ॲपल, मोझिला आणि ऑपेरा यांच्या मंडळींनी २००४मध्ये डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी हा गट स्थापन केला. इयन हिक्सन यांच्या संपादनाखाली या गटाने जे मानक लिहिलं, त्यात एक अपूर्व गोष्ट होती. शुद्ध पान कसं वाचायचं एवढंच न सांगता, अशुद्ध पान वाचतानाही प्रत्येक ब्राउझरने नेमकं काय करायचं हे त्यात पायरीपायरीने ठरवून दिलं. तक्त्याच्या आत भलत्याच जागी आलेला मजकूर उचलून तक्त्याच्या आधी ठेवायचा. एकमेकांत अडकलेले ठळक आणि तिरप्या अक्षरांचे टॅग अमुक क्रमाने सोडवायचे. तोवर हीच चूक प्रत्येक ब्राउझर आपापल्या परीने सुधारत असे, आणि एकच पान दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी दिसे. आता चुकीचा अर्थसुद्धा सगळीकडे सारखा झाला.

चुकीचा अर्थ ठरला म्हणून चूक बरोबर ठरत नाही. ब्राउझरने केलेली दुरुस्ती सगळीकडे सारखी असते, पण ती लिहिणाऱ्याच्या मनातली असेलच असं नाही. तक्त्याबाहेर गेलेली ती ओळ आता सर्व ब्राउझरांत एकाच चुकीच्या जागी दिसते, इतकंच.

तपासनीस

व्हॅलिडेटर, म्हणजे एचटीएमएलचा तपासनीस, जवळजवळ वेबइतकाच जुना आहे. जेम्स क्लार्क यांनी लिहिलेल्या एसजीएमएल वाचणाऱ्या प्रणालीच्या पायावर जेराल्ड ऑस्कोबॉयनी यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यात एक तपासणी-सेवा उभी केली. तीच पुढे डब्ल्यूथ्रीसीची अधिकृत सेवा झाली. डेव्ह रॅगेट यांचं ‘टायडी’ त्याच दशकातलं. ते चुका दाखवून थांबत नसे, जमेल तिथे दुरुस्तही करी. जुन्या तपासनीसांकडे नियमांची एक यादी असायची आणि यादीत न मावणारे नियम सुटून जायचे. फिनलंडच्या हेन्री सिव्होनेन यांनी २००७मध्ये आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी एचटीएमएल ५चा, म्हणजे वर आलेल्या नव्या मानकाचा, तपासनीस बांधला. यादीत मावणारे नियम त्यांनी यादीत ठेवले आणि न मावणारे थेट प्रोग्रॅममध्ये लिहिले. आज डब्ल्यूथ्रीसी वापरते तो ‘न्यू एचटीएमएल चेकर’ याच वंशातला. तो फुकट उतरवून घेता येतो, आपल्याच संगणकावर चालतो आणि एका पानाऐवजी अख्खा फोल्डरही तपासून देतो.

सगळी पानं तपासायची असतील, तर आपल्या संगणकावर चालवण्याची ही सोय फार महत्त्वाची ठरते. हजारो पानं सार्वजनिक सेवेच्या दारात नेऊन ओतणं योग्य नव्हे. या बेफिकिरीची किंमत डब्ल्यूथ्रीसीने मोजलेली आहे. वर्षानुवर्षं न बदललेल्या नियमांच्या फायली जवळ साठवून ठेवण्याऐवजी जगभरातले प्रोग्रॅम त्या पुन्हापुन्हा मागत होते. २००८मध्ये संस्थेने जाहीर केलं, की अशा मागण्या दिवसाला १३ कोटींपर्यंत गेल्या आहेत.

पानं नेमकी किती?

तपासणीआधीचा हा प्रश्न सोपा वाटतो, पण मालकालाही त्याचं उत्तर सहसा ठाऊक नसतं. समजा, एका महाविद्यालयाचं संकेतस्थळ आहे. त्याची पानं मोजण्याच्या चार वाटा आहेत आणि चारही वाटांनी वेगळा आकडा येतो.

पहिली वाट साइटमॅपची. शोधयंत्रांसाठी तयार केलेली ही पत्त्यांची यादी. एका फायलीत जास्तीत जास्त ५०,००० पत्ते मावतात. गूगलने ही पद्धत २००५मध्ये आणली आणि पुढच्या वर्षी याहू व मायक्रोसॉफ्टनेही ती उचलली. पण या यादीत मालकाला जी पानं दाखवायची आहेत तेवढीच असतात. दुसरी वाट क्रॉलरची. मुखपृष्ठापासून निघून हा प्रोग्रॅम प्रत्येक दुव्यामागे जातो, पण ज्या पानाकडे एकही दुवा जात नाही, ते त्याच्यासाठी अस्तित्वातच नसतं. तिसरी वाट सर्व्हरच्या नोंदवहीची. लोकांनी खरोखर उघडलेले सगळे पत्ते तिथे असतात. पाच वर्षांपूर्वीचं प्रवेशाचं पान दुव्यांतून काढून टाकलेलं असतं, पण पालक जुन्या व्हॉट्सॲप संदेशावरून अजून तिथे पोचतात, हे इथेच कळतं. चौथी वाट थेट डेटाबेसची. तिथे लिहिलेलं पण कधीच प्रसिद्ध न झालेलंही सापडतं. शहाण्याने चारही याद्या एकत्र कराव्यात आणि दुबार पत्ते गाळावेत.

क्रॉलरला मोकाट सोडण्यात धोके आहेत. कार्यक्रमांच्या दिनदर्शिकेवर ‘पुढचा महिना’ हा दुवा असतो. क्रॉलर तो दाबत दाबत तीन हजाराव्या सालापर्यंत जातो, प्रत्येक महिना नवं पान म्हणून मोजतो, आणि यादी काही संपत नाही. म्हणून किती खोल जायचं आणि कोणते पत्ते वगळायचे, हे आधी सांगावं लागतं. लॉगिनमागची पानं तपासण्यासाठी क्रॉलरला पासवर्ड दिला, तर जास्तच जपायला हवं, कारण त्याच्या लेखी ‘उघडा’ आणि ‘काढून टाका’ हे दोन्ही दुवेच असतात. २००५मध्ये गूगलच्या वेब ॲक्सिलरेटर या साधनाने नेमकं हेच केलं होतं. वाचकाचा वेळ वाचावा म्हणून ते दुवे आधीच उघडून ठेवी. त्यात काही संकेतस्थळांवरचे मजकूर काढून टाकणारे दुवेही उघडले गेले.

एक प्रकारचं पान हमखास विसरलं जातं: ‘पान सापडले नाही’ असं सांगणारं. ते कोणत्याच यादीत नसतं. मुद्दाम एक खोटा पत्ता टाकून तेही तपासावं.

अहवाल कसा वाचायचा

समजा, यादीत ५,००० पानं आली आणि तपासनीसाने ४०,००० चुका काढल्या. हा आकडा बघून माणूस एक तर हबकतो, नाहीतर अहवाल बंद करून ठेवतो. खरं तर दोन्हींचं कारण नसतं.

आजचं पान कुणी एकटाकी लिहीत नाही. माथा एका साच्यातून येतो, तळ दुसऱ्यातून, बाजूची पट्टी तिसऱ्यातून. मध्ये असतो तो संपादकाचा मजकूर. माथ्याच्या साच्यात चार चुका असतील, तर ५,००० पानांवर त्यांच्या २०,००० होतात. साच्यातल्या चार ओळी सुधारल्या की निम्मा अहवाल पुसला जातो. म्हणून पहिलं काम वर्गवारीचं: सारखा संदेश आणि आसपासचा सारखा मजकूर असलेल्या चुका एका गठ्ठ्यात बांधायच्या. ४०,००० चुकांचे बहुधा थोडेच गठ्ठे होतात.

दुसरी गोष्ट, एकच चूक अनेक चुका ओरडून सांगते. वर एक डिव्ह बंद करायचा राहिला, की खालचं सगळंच भलत्या पोटात जातं आणि तपासनीस पुढे ओळीने तक्रारी करत सुटतो. त्यामुळे प्रत्येक पानावरची पहिली चूक आधी सुधारावी आणि पान पुन्हा तपासावं. अहवाल खालून वर वाचणाऱ्याचे श्रम वाया जातात.

तिसरा प्रश्न प्राधान्याचा. डब्ल्यूथ्रीसीने एकेकाळी ‘लॉग व्हॅलिडेटर’ नावाचं साधन त्यासाठीच काढलं होतं. ते सर्व्हरची नोंदवही वाचून सर्वाधिक वाचली जाणारी अशुद्ध पानं आधी पुढे करी. सगळं एका आठवड्यात सुधारणं शक्य नसेल, तर निकालाचं पान आधी घ्यावं, दहा वर्षांपूर्वीच्या स्नेहसंमेलनाचा वृत्तांत मग.

तुकडे शुद्ध, पान अशुद्ध

मग सगळी पानं तपासण्यापेक्षा साचेच तपासले तर? पुष्कळ काम त्यात होतं, पण सगळं नाही. काही चुका तुकडे एकत्र आल्यावरच जन्मतात. तळाशी वार्तापत्राचा छोटा अर्ज आहे आणि त्यातल्या ईमेलच्या चौकटीचा आयडी ‘ईमेल’. संपर्काच्या पानावरचा मोठा अर्ज दुसऱ्या कुणी लिहिला आणि त्यानेही चौकटीला तेच नाव दिलं. दोन्ही तुकडे आपापल्या जागी निर्दोष. पण संपर्काच्या पानावर एकच आयडी दोनदा येतो. मग तळाच्या अर्जातल्या नावावर टिचकी मारली की कर्सर वरच्या अर्जात जातो. स्क्रीनरीडर वापरणाऱ्या अंध व्यक्तीला तर खालची चौकट कशाची आहे हेच कळत नाही, कारण तिचं नाव दुसऱ्याच चौकटीला जोडलं गेलेलं असतं.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेने आणखी एक थर चढवला आहे. सर्व्हरने पाठवलेलं पान आणि ब्राउझरमध्ये अखेर उभं राहिलेलं पान यांत आज मोठी तफावत असू शकते. ब्राउझरमधली अंतिम रचना उतरवून तीच तपासावी, असं वाटणं साहजिक आहे. पण त्या रचनेत बंद न केलेला टॅग कधीच सापडणार नाही, कारण ब्राउझरने ते सगळे आधीच बंद केलेले असतात. उलट, जावास्क्रिप्टने मागाहून आणलेले दुबार आयडी मूळ पानात दिसत नाहीत. म्हणून दोन्ही रूपं तपासावी लागतात: मूळ पान लिहिणाऱ्याच्या चुकांसाठी, अंतिम रचना जुळणीच्या चुकांसाठी.

मराठी पानांच्या खास खोडी

मराठी संकेतस्थळांत एक जुना पेच अजून कुठे कुठे शिल्लक आहे. प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारं युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर विशिष्ट फाँटच्या आधाराने दाखवला जाई. फायलीत साठवलेली असत रोमन अक्षरं आणि चिन्हं. त्यांच्यावर देवनागरीचे आकार चढवलेला फाँट लावला, की ती मराठी दिसत. तो फाँट सांगणारा ‘फाँट’ हा टॅग आजच्या मानकात बाद आहे, म्हणून तपासनीस त्याला चूक म्हणतो. आज्ञाधारकपणे तो टॅग काढून टाकला, तर अहवाल स्वच्छ होतो आणि पानावर निरर्थक अक्षरांची खिचडी उरते. तिथे मजकुराची ओळख सांगणारी एकमेव खूण तीच असते. आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा, टॅग नंतर काढायचा.

दुसरी खोड भाषेच्या नोंदीची. पानाची भाषा ‘लँग’ या गुणात सांगतात आणि मराठीसाठी तिथे ‘एमआर’ ही दोन अक्षरं लागतात. तिथे कुणी भाषेचं पूर्ण नाव रोमन लिपीत लिहिलं, तर तपासनीस ते नाकारतो. पण हिंदीच्या पानाचा साचा उचलून ‘एचआय’ तसंच ठेवलं, तर व्याकरणाच्या दृष्टीने ते निर्दोष ठरतं. परिणाम मात्र दिसतात. ल आणि श यांची मराठी वळणं ज्या फाँटमध्ये वेगळी दिलेली आहेत, तिथे ब्राउझर कोणतं वळण वापरायचं हे याच नोंदीवरून ठरवतो. स्क्रीनरीडरही कोणत्या भाषेचा आवाज लावायचा हे इथूनच घेतो.

शुद्ध म्हणजे चांगलं नव्हे

शुद्ध ठरलेलं पानही सदोष असू शकतं, हीच या तपासणीची मर्यादा. चित्राला पर्यायी मजकूर आहे की नाही, हे यंत्र सांगतं. तिथे ‘चित्र १२’ एवढंच लिहिलं असेल, तर ते खूश असतं. मानकांनीही ही मर्यादा मान्य केली आहे. अपंग वाचकांना वेब वापरता यावं यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या नियमावलीत २००८पासून पानाची रचना व्याकरणशुद्ध हवी असा स्वतंत्र निकष होता. ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या २.२ या आवृत्तीत तो वगळला गेला. कारण आता वाचनसहायक साधनं पानाचं एचटीएमएल स्वतः वाचत नाहीत, ब्राउझरने उभी केलेली रचना वापरतात. आणि ब्राउझर चुका कशा सावरतो हे ठरलेलं आहे. दुबार आयडीसारख्या ज्या चुका माणसाला खरोखर अडवतात, त्या दुसऱ्या निकषांत पकडल्या जातातच.

म्हणजे शून्य चुकांचा हट्ट धरायचं कारण राहिलेलं नाही. मग तपासणी कशासाठी? पान लिहिणारा काय सांगू पाहत होता आणि ब्राउझरने काय ऐकलं, यांतलं अंतर दाखवणारं इतकं स्वस्त साधन दुसरं नाही म्हणून. ते वापरण्याची शहाणी रीतही सोपी आहे. पहिल्या झडतीत सापडलेल्या जुन्या चुकांची यादी बाजूला ठेवायची आणि ती सवडीने, साच्यापासून सुरुवात करून, कमी करत जायची. त्याच वेळी एक नियम घालायचा: नवी चूक घेऊन कोणताही बदल संकेतस्थळावर जाणार नाही. साचा बदलला की प्रसिद्धीआधी तपासनीस आपोआप चालावा, आणि संपादकाने मजकूर चिकटवला की जतन करतानाच त्याला चूक दिसावी. वर्षाकाठी एकदा निघणारा ४०,००० चुकांचा अहवाल कुणाचाच नसतो. आज सकाळी, अमुक ओळीत, अमक्याच्या हातून झालेली एक चूक मात्र त्याच माणसाची असते, आणि तो ती दुपारच्या जेवणाआधी सुधारून मोकळा होतो.